तपासणी कुणाच्या हाती?

लहान मुलांच्या मधुमेहाचा इतिहास सहसा टोरांटोपासून सांगितला जातो. 11 जानेवारी 1922 रोजी तिथल्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता, फारसा गुण आला नाही. 23 जानेवारीला जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क टोचला आणि मुलाच्या रक्तातली साखर उतरली. तोवर हा आजार झालेले मूल फार तर वर्ष-दोन वर्षे जगत असे. इन्सुलिन आल्यावर तो जन्मभर सांभाळायचा आजार झाला. ही गोष्ट खरी असली तरी अर्धीच आहे. इन्सुलिनचा डोस एकदा ठरवला आणि विसरलो, असे चालत नाही. तो रोज, किंबहुना दर जेवणाला ठरवावा लागतो. जास्त झाले तर मूल घामाघूम होऊन बेशुद्ध पडते, कमी पडले तर रक्तात आम्ल साठत जाऊन जिवावर बेतते. म्हणून औषधाइतकेच मोजमाप महत्त्वाचे, आणि मोजणारा माणूस मुलाच्या जवळ असणे त्याहून महत्त्वाचे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात या मोजमापाच्या दोन बाजू दोन गावांत दिसतात: उत्तरेला लोणी, जिथे साखरेच्या पैशातून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि आग्नेय टोकाला जामखेड, जिथे गावातल्या बायकांच्या हाती आरोग्य सोपवण्याचा प्रयोग झाला. आज मुलांच्या रक्तातल्या दाहाच्या आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या खुणा मोजण्याकडे संशोधकांचे लक्ष आहे. या आजाराच्या शंभर वर्षांचा अनुभव असा, की ज्या तपासणीने डोस ठरवणाऱ्या माणसाचा निर्णय बदलला तीच उपयोगी ठरली. नव्या खुणांनाही हीच कसोटी लावायला हवी, असे मला वाटते.

या जिल्ह्यात हा आजार आधी कुणाच्या नजरेतच येत नव्हता. आयुर्वेदाला तो ठाऊक नव्हता असे नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार वेगळे काढले आहेत: एक जन्मतःच येणारा, ज्यात रोगी कृश असतो, आणि दुसरा अपथ्यातून होणारा, ज्यात तो स्थूल असतो. पण ग्रंथातले वर्गीकरण आणि वस्तीवरचे निदान यांत मोठे अंतर होते. वजन घटणे, सारखी तहान, सारखी लघवी, मोठे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, शेवटी उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोरजोरात श्वास, ही या आजाराची लक्षणे. नगर जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेचा. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ, मधेच प्लेग, पुढे 1972 चा दुष्काळ, अशा मुलखात रोडावलेले आणि तहानलेले मूल पाहून कुणाच्या मनात शंका यावी? प्रत्येक लक्षणाला तिथे दुसरे, सहज पटणारे कारण हजर होते. ब्रिटिश काळातल्या मृत्यूनोंदींत पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, प्लेग, जखमा आणि ‘इतर’ असे ढोबळ रकाने असत. मधुमेहाने गेलेले मूल त्यांपैकी ‘ताप’ किंवा ‘पोटाचे विकार’ यांतच जाऊन पडणार. अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरात होते, आणि पुढे मिशनच्या दवाखान्यांनी बायका-मुलांना पाश्चात्त्य वैद्यकाचा दरवाजा उघडून दिला. पण दवाखान्यात मूल आणायला आधी घरच्यांना ‘हे नेहमीचे नाही’ असे वाटावे लागते. म्हणून जुन्या काळी या भागात मुलांना मधुमेह होतच नव्हता, असे जे बोलले जाते ते मला पटत नाही. होत नव्हता, की ओळखला जात नव्हता, याचा निवाडा करणारी नोंदच तेव्हा होत नव्हती.

इन्सुलिनच्या आधीची चौदा वर्षे धरली तर या आजाराची पहिली खरी घरगुती तपासणी सापडते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी 1908 च्या सुमारास मोरचूद, सोडा आणि सायट्रेट यांचे एक निळे द्रावण तयार केले. परीक्षानळीत हे द्रावण पाच मिलिलिटर घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी लाकडी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर दोनेक मिनिटे उकळायची आणि थंड होऊ द्यायची. साखर नसेल तर निळा रंग तसाच राहतो. थोडी असेल तर हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, आणि भरपूर असेल तर तळाशी विटकरी गाळ बसतो. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा रंग वाचता येई. गावाकडच्या दवाखान्यांतून, आणि जिथे आईबाप शिकण्याजोगे होते तिथे घरांतूनही, ही नळी कैक दशके टिकली. सोबत उकळून वापरायची काचेची सिरिंज आणि एका मिलिलिटरला 40 युनिट ताकदीचे इन्सुलिन असे. जगात बऱ्याच देशांनी 100 युनिटची ताकद स्वीकारली तरी भारतात 40 युनिटची बाटली आजही औषधाच्या दुकानात मिळते, आणि बाटली एका ताकदीची व सिरिंज दुसऱ्या ताकदीची अशी गल्लत झाली की डोस अडीच पटींनी चुकतो. बेनेडिक्टच्या नळीची उणीवही मोठी होती. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही; शिवाय लघवी गेल्या काही तासांची हकीकत सांगते, या क्षणाची नव्हे. साखर घसरून मूल कोसळण्याच्या बेतात असले तरी नळी निळीच राहायची. तरीही ही उणी तपासणी उपयोगी पडली, कारण सकाळचा रंग पाहून संध्याकाळचा डोस दोन युनिटांनी वाढवणे आईच्या हाती होते.

यानंतरची प्रगती पाहिली तर तीच दिशा दिसते. 1941 मध्ये स्पिरिटचा दिवा लागणार नाही अशी, लघवीत टाकताच आपोआप तापणारी क्लिनिटेस्टची गोळी आली. 1956 मध्ये बुडवून रंग पाहायची पट्टी आली, साठच्या दशकाच्या मध्याला रक्ताच्या थेंबावर चालणारी पट्टी, 1970 च्या सुमारास ती वाचणारे यंत्र, आणि ऐंशीच्या दशकात ते यंत्र घरोघरी जाण्याइतके लहान झाले. यांतल्या प्रत्येक टप्प्यावर नवे रसायन होते, पण लोकांनी त्याचे स्वागत केले ते तपासणी एक पाऊल घराजवळ आली म्हणून. एचबीए1सी ही तपासणी वरवर याला अपवाद वाटते. तेहरानमध्ये समुएल रहबर यांना साठच्या दशकाच्या अखेरीस मधुमेहींच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन आढळले. त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळू लागली. ही तपासणी प्रयोगशाळेतच होते, घरी नाही. पण तिला आजचे स्थान मिळाले ते अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीमुळे. 1983 ते 1993 या काळात टाइप वन मधुमेहाचे 13 ते 39 वयाचे 1,441 रुग्ण तिच्यात होते. त्यांपैकी एका गटाने रोज चारेक वेळा बोटाचे रक्त तपासून डोस बदलायचा होता. ज्यांच्या डोळ्यांत सुरुवातीला काहीच बिघाड नव्हता, त्यांच्यात काटेकोर उपचाराने दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला. काटेकोर उपचाराच्या गटात साखर धोकादायक रीतीने घसरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. म्हणजे एचबीए1सीच्या आकड्याला वजन आले ते रोजच्या बोट टोचण्यामुळे. तिमाही आकडा दवाखान्यात कळत होता आणि तो खाली आणण्याचे काम घरात चालू होते.

आता लोणीकडे वळू. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. जिथे बाजरी मुश्किलीने यायची तिथे ऊस उभा राहिला. खासगी कारखाने आधी आले. पण कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना एकत्र आणून विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभारला, आणि 1950 साली तो सुरू झाला. त्या पैशाच्या आणि त्या संघटनेच्या जोरावर शाळा आल्या, सत्तरच्या दशकात रुग्णालय आले, 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि 2003 मध्ये ते अभिमत विद्यापीठ झाले. साखरेच्या मुलखात साखरेच्या आजाराचे रुग्णालय, असे गमतीने म्हणता येईल. पण त्या गमतीतून एक गैरसमज बळावतो. टाइप वन मधुमेह गोड खाऊन होत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते, त्यामुळे तो होतो. उसाच्या फडाजवळ वाढलेल्या मुलाला तो कोरडवाहू पाथर्डीतल्या मुलापेक्षा जास्त होईल, असे मानायला आधार नाही. लोणीसारख्या महाविद्यालयाचे ऐतिहासिक महत्त्व वेगळे आहे. ज्या तपासण्यांसाठी पूर्वी पुणे-मुंबई गाठावी लागे, त्या करणारी जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा एका खेड्यात आली. तिच्याभोवती शिक्षक आणि पदव्युत्तर विद्यार्थी जमले, आणि प्रबंधासाठी प्रश्न शोधण्याची रीतही रुजली. दाहाच्या आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या खुणांवरचे अभ्यास देशभर अशाच वातावरणात होत आले आहेत.

या खुणा म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय त्यांची पारख होणार नाही. दाहाच्या खुणांत सर्वांत जुने सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. ते 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. शरीरात कुठे दाह झाला की इंटरल्यूकिन-6 या रेणूचा निरोप यकृताला जातो आणि यकृत ते बनवू लागते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हाही त्याच निरोप्यांपैकी एक. ऑक्सिडेटिव्ह ताणाची बाजू वेगळी. पेशी ऑक्सिजन वापरताना काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात, आणि त्यांना आवर घालायला शरीरात सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखी विकरे आणि ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये असतात. पारडे पहिल्या बाजूला झुकले की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. हा ताण मोजण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे मॅलॉनडायआल्डिहाइड, म्हणजे एमडीए, मोजणे. पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्ये बिघडली की ते तयार होते. रक्ताच्या नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवली की गुलाबी रंग येतो, आणि 532 नॅनोमीटरच्या प्रकाशात तो किती गडद आहे हे यंत्र सांगते. हीच रीत अन्नरसायनशास्त्रात चरबी खवट झाली की नाही हे पाहायला वापरत आले आहेत. टाइप वनमध्ये या खुणांना अर्थ आहे. बीटा पेशींमध्ये अतिक्रियाशील रेणू आवरणारी विकरे मुळात कमी असतात, म्हणून हल्ला झाला की त्या लवकर बळी पडतात. पुढे साखर चढी राहिली की रक्तवाहिन्यांच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड जास्त तयार होते, आणि डोळे, मूत्रपिंड व नसा यांच्या बिघाडाचे वेगवेगळे मार्ग तिथूनच फुटतात, अशी मांडणी मायकेल ब्राउनली यांनी 2001 मध्ये केली.

ही मांडणी प्रभावी आहे, पण प्रयोगशाळेतली खूण आणि मुलाचा उपचार यांत अजून बराच रस्ता शिल्लक आहे. सीआरपी हे मधुमेहाचे असे नाही. गळू, किडलेला दात, सर्दी-खोकला, जखम, कशानेही ते चढते. खेड्यातल्या शाळकरी मुलाच्या अंगावर यांतले काहीतरी बहुधा असतेच, तेव्हा चढलेला आकडा कशाच्या खात्यावर घालायचा? थायोबार्बिट्युरिक आम्लाची रीत एमडीएपुरती मर्यादित नाही. नमुन्यातल्या इतर द्रव्यांनीही ती गुलाबी होते. नमुना किती वेळ बाहेर राहिला, रक्तपेशी फुटल्या का, यांनीही आकडा हलतो, आणि एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी सरळ जुळवता येत नाही. अशा अभ्यासांत मधुमेही मुलांचा गट आणि निरोगी मुलांचा गट यांच्या सरासरीत फरक दिसला, तरी त्यावरून समोर बसलेल्या एका मुलाबद्दल डॉक्टरला काही ठरवता येत नाही. समजा त्याचा एमडीए जास्त आला. डॉक्टर काय सांगणार? साखर आटोक्यात ठेवा, इन्सुलिन चुकवू नका. एमडीए कमी आला असता तरी हेच सांगितले असते. ताण कमी करायला अँटिऑक्सिडंट गोळ्या द्याव्यात हा मोह स्वाभाविक आहे, आणि औषधांच्या दुकानात त्या भरपूर मिळतात. पण 2000 साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो प्रौढांना, ज्यांत मधुमेहीही बरेच होते, जीवनसत्त्व ई देऊन पाहिले. हृदयविकार किंवा पक्षाघात टळला नाही. म्हणूनच टाइप वनच्या मुलांच्या नियमित तपासण्यांत एचबीए1सी, लघवीतले अल्ब्युमिन, डोळ्यांची तपासणी, थायरॉइड, सीलिअ‍ॅक आणि लिपिड येतात. एमडीए आणि ग्लुटाथायोन येत नाहीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आज निरुपयोगी वाटणारी खूण उद्या उपयोगी ठरेल. एचबीए1सी हीसुद्धा सुरुवातीला हिमोग्लोबिनच्या अभ्यासातली एक विचित्र रेघच होती. शिवाय ज्या चाचणीचा वर उल्लेख आला, तिच्या रुग्णांवर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवले तेव्हा दिसले की दोन्ही गटांचा एचबीए1सी सारखा झाल्यावरही सुरुवातीला काटेकोर उपचार मिळालेल्यांचे नुकसान कमीच राहिले. शरीर जुनी साखर लक्षात ठेवते, आणि ही आठवण कदाचित ऑक्सिडेटिव्ह ताणातूनच उरत असेल. मला हा आक्षेप मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा दिसतो. नुकसानीची आठवण पहिल्या वर्षांतच कोरली जात असेल, तर निदान लवकर होणे आणि पहिल्या महिन्यापासून पट्ट्या मिळणे जास्तच निकडीचे ठरते. दुसरा मुद्दा स्थानिक संशोधनाचा. परदेशातले आकडे इथल्या मुलांना तसेच लागू होत नाहीत. लोहाच्या कमतरतेने एचबीए1सी साखर न वाढताही चढू शकतो, आणि जिथे मुलांमध्ये रक्तक्षय सर्रास आहे तिथे हे महत्त्वाचे आहे. कुपोषित माणसाला होणारा मधुमेह हा वेगळा प्रकार मानायचा की नाही, यावरही मत बदलत राहिले: जागतिक आरोग्य संघटनेने 1985 मध्ये त्याला वर्ग दिला, 1999 मध्ये काढला, आणि 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप फाइव्ह म्हणून पुन्हा मान्यता दिली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2020 मध्ये ब्रिटिश संशोधकांसह दाखवले की युरोपीय लोकांवर बेतलेला टाइप वनचा जनुकीय गुणांक भारतीय रुग्णांतही टाइप वन आणि टाइप टू वेगळे काढायला मदत करतो. कृश मुलाचा मधुमेह नेमका कोणता, हे सी-पेप्टाइड आणि प्रतिपिंडांच्या तपासणीने ठरते, आणि त्यावर इन्सुलिनचा निर्णय अवलंबून असतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने पुढाकार घ्यावा अशा या जागा आहेत. इथे आकड्यामागोमाग उपचार बदलतो.

जामखेडचा इतिहास इथे कामाला येतो. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले तेव्हा त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सना गावोगावी ठेवण्याचा विचार केला. तो जमला नाही. बाहेरून आलेली नर्स गावात राहीना, आणि गावही तिचे ऐकेना. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, परत जाऊन गावात ते करून पाहत आणि पुढच्या आठवड्यात अडचणी घेऊन येत. बाळंतपण, जुलाब, कुपोषण ही कामे त्यांनी केली हे बहुतेकांना माहीत आहे. या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: क्षय आणि कुष्ठरोग यांचे महिनोन्‌महिने चालणारे उपचार त्यांनी सांभाळले. रुग्ण बरा वाटू लागला की गोळ्या सोडतो, शेजारी टाळू लागतात, लग्नाच्या मुली लपवल्या जातात, या सगळ्यांशी त्यांची गाठ होती. लोकांनीच उभारलेल्या आरोग्यसेवेची जगभरची उदाहरणे मांडणारे पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये काढले, त्यात जामखेड होते. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि 2005 नंतर देशभर आलेल्या आशा कार्यकर्तीमागे अशाच प्रयोगांची शिदोरी होती. टाइप वन मधुमेहाची सामाजिक बाजू कुष्ठरोगाहून फार वेगळी नाही. सुई घ्यावी लागणारी मुलगी उजवायची कशी, या काळजीने आजार झाकला जातो, आणि झाकलेल्या आजारात डोस चुकतात.

दुसरा आक्षेप असा, की क्षयाची गोळी आणि इन्सुलिनची सुई यांत फरक आहे. इन्सुलिनच्या चुकीने तासाभरात जीव जाऊ शकतो, आणि एका गावात असे मूल एखादेच असते, मग गावोगावी तयारी कशाला? पहिल्या भागाचे उत्तर असे, की ही सुई आजही बहुतेक घरांत आईच टोचते. गावच्या कार्यकर्तीने डोस ठरवायचा नाही. तिने शंका घ्यायची, लगेच बोट टोचून साखर पाहायची आणि गाडी करून पाठवायचे. उलट्या करणाऱ्या रोड मुलाला ‘अशक्तपणा’ म्हणून ग्लुकोजचे सलाईन लावले जाण्याआधी एका पट्टीने साखर पाहिली, तर कित्येक जीव वाचतील. सरकारी तपासणी मोहीम तीस वर्षांवरच्यांसाठी आखलेली आहे, तेव्हा ग्लुकोमीटर गावात असूनही मुलाच्या बोटापर्यंत तो पोचतोच असे नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर आकड्यात आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालील टाइप वनचे सुमारे 2 लाख 29 हजार रुग्ण भारतात होते, जगात सर्वांत जास्त. गावात एखादेच, पण देशात एवढे. आणि हे मूल एका जागी राहतेच असेही नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडमधून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात, त्यांच्यासोबत मुलेही जातात आणि चार-पाच महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात. तिथे फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली ओल्या कापडात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवावी लागते. पहाटे अडीच-तीनला फड गाठणाऱ्या आईने मुलाचे बोट कधी टोचायचे? एका पट्टीला साधारण 15 ते 25 रुपये. रोज चार म्हणजे 60 ते 100 रुपये. रोजगार हमीची मजुरी तीनशेच्या आसपास धरली तर दिवसाच्या कमाईचा पाचवा ते तिसरा हिस्सा तपासणीतच जातो, इन्सुलिन वेगळेच. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने मुलांना इन्सुलिन, पट्ट्या आणि शिक्षण एकत्र देण्याचे काम केले आहे; मराठवाड्याच्या सीमेवरच्या तालुक्यांना अशी सोय ही चैन वाटू नये.

म्हणून लोणी की जामखेड, असा वाद घालण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळेवाचून कृश मुलाच्या मधुमेहाचा प्रकार ठरत नाही, आणि वस्तीवरच्या बाईवाचून ते मूल प्रयोगशाळेपर्यंत पोचत नाही. गडबड होते ती क्रम उलटा लागला की. ज्या जिल्ह्यात पहिले निदान अजून बेशुद्धावस्थेत होऊ शकते, तिथे ताणाच्या सूक्ष्म खुणा मोजून संशोधनाचे समाधान मिळेल, पण मुलाच्या आयुष्यात काही बदलणार नाही. क्रम सुलटा करणे अवघड नाही. आशा कार्यकर्तीच्या ग्लुकोमीटरवर वयाची अट नको; तहानलेले, रोडावलेले किंवा पुन्हा अंथरूण भिजवू लागलेले कोणतेही मूल तिने तपासावे. साखर कारखान्यांनी गाळप हंगामात कोपींच्या तळावर इन्सुलिन थंड ठेवायची एक जागा आणि पट्ट्यांचा साठा ठेवावा. ज्या सहकाराने रुग्णालय उभारले त्याला हे झेपणारे आहे. आणि महाविद्यालयांच्या नैतिक समित्यांनी मुलांच्या रक्तावरच्या प्रत्येक अभ्यासाला एक प्रश्न विचारावा: या आकड्याने त्या मुलाचा डोस, निदान किंवा पाठपुरावा बदलणार आहे का? उत्तर ‘नाही’ असले तरी अभ्यास थांबवू नये, कारण ज्ञान असेच साठत जाते. पण मग ज्या मुलाचे रक्त घेतले, त्याच्या वर्षभराच्या पट्ट्यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी.